एका रोलमध्ये 21 फोटो: पॅनोरामाच्या धंद्याचं गणित

फोटोग्राफीचा धंदा म्हटलं की डोळ्यासमोर लग्नाच्या ऑर्डरी येतात. आज जरा वेगळा माल बघू. शहराचा लांबलचक फोटो, आणि तोही फिल्मवर.

फुजीफिल्मच्या साथीने बनलेला हॅसलब्लाड एक्सपॅन 1998 साली आला. फिल्म नेहमीचीच 35 मिमीची, पण फ्रेम 24 बाय 65 मिमी. त्यामुळे 36 फोटोंच्या रोलमध्ये पॅनोरामा 21च बसतात. रोल, डेव्हलपिंग, स्कॅनिंग मिळून समजा 2,000 रुपये धरले, तर एक क्लिक पडला 95 रुपयांना. त्यातले तीनच विकण्याजोगे निघाले तर? एकेक साडेसहाशेच्या वर गेला, आणि प्रिंट-फ्रेमचा खर्च अजून धरलेलाच नाही.

म्हणून इथे बोट बटणावर जायच्या आधी पाय चालले पाहिजेत. मरीन ड्राइव्हच घ्या. नरीमन पॉइंटच्या टोकाला उभं राहून गिरगावकडे बघा. इमारतींची तोंडं पश्चिमेला, समुद्राकडे, त्यामुळे संध्याकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. आधी दोन-तीन संध्याकाळी नुसत्या मोबाइलने जागा हेरा, वेळ लिहून ठेवा. रोल नंतर. कॅमेरा वर-खाली झुकला की कडेच्या इमारती तिरक्या होतात, म्हणून क्षितिजरेषा सपाट हवी. कडा थोड्या काळवंडतात, त्यासाठी सेंटर फिल्टर मिळतो. आणि हो, ट्रायपॉड लावणार असाल तर परवानगीची चौकशी आधीच करा.

गिऱ्हाईक कोण? ज्याच्याकडे लांब भिंत आहे तो. 36 इंच रुंद प्रिंटची उंची जेमतेम 13 इंच भरते. सोफ्याच्या वर, ऑफिसच्या रिसेप्शनमागे अगदी फिट्ट!

आता खरी अडचण. या कॅमेऱ्याचं उत्पादन कधीच बंद झालंय. सेकंडहँडची किंमत लाखांत जाते, आणि सगळं काम बॅटरीवर, म्हणजे आतलं सर्किट गेलं की सुटे भाग शोधत फिरा. कर्ज काढून असलं मशीन घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. हातातल्या डिजिटल कॅमेऱ्याचा फोटो 65:24 मध्ये कापा, एक प्रिंट काढा, आणि तीन इंटिरियर डिझायनरांना दाखवून किंमत सांगा. तिघांपैकी एकानेही ॲडव्हान्स दिला, तर मग फिल्मचा विचार करू.