डोळ्यांचे मूल, कानांचे मूल

‘आमची थोरली पाहून शिकते, धाकट्याला मात्र ऐकल्याशिवाय काही कळत नाही.’ पालकसभांमधून हल्ली हे वाक्य फार ऐकू येते. त्यामागे ‘अध्ययनशैली’ची कल्पना आहे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि करून बघणे अशा चार वाटा मानून एक प्रश्नावली तयार केली. ती शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून जगभर पोहोचली.

आता, मुलाला एखादी रीत आवडते यात वाद नाही. वाद आहे तो आवडत्या रीतीने शिकवल्यास ते अधिक शिकते का, याचा. हे तपासायचे तर ‘पाहणाऱ्या’ मुलांपैकी निम्म्यांना एखादा धडा चित्रांतून आणि निम्म्यांना तोंडी शिकवावा लागेल, ‘ऐकणाऱ्यां’चेही तसेच करावे लागेल, आणि शेवटी सर्वांना एकच परीक्षा द्यावी लागेल. पहिल्या गटाला चित्रांचा आणि दुसऱ्याला बोलण्याचा अधिक फायदा झाला, तरच शैलीचा दावा टिकतो. 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे संशोधन या चाळणीतून काढले. अशा पद्धतीचे प्रयोग मुळात थोडेच निघाले, आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष तर दाव्याच्या थेट उलट होते.

याचे नवल वाटू नये. नकाशा पाहावाच लागतो, यमन ऐकावाच लागतो आणि भाकरी थापल्याशिवाय येत नाही, मग मूल डोळ्यांचे असो वा कानांचे. ‘हा ऐकणारा आहे’ असे एकदा ठरले की त्याच्या हातातले पुस्तक हळूहळू सुटते. खरा धोका तिथे आहे.

हॉवर्ड गार्डनर यांचे नाव या गोंधळात उगाच ओढले जाते. त्यांनी 1983 मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या. त्या सिद्धान्तावरही आक्षेप आहेत. पण बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याची शैली नव्हे, हे खुद्द गार्डनर यांनीच स्पष्ट केले आहे. सूर पकडण्याची क्षमता वेगळी आणि गणित गाण्यातून शिकण्याची हौस वेगळी.

क्षमता मोजण्यातही फसगत होतेच. लुईस टर्मन यांनी 1921 पासून कॅलिफोर्नियातील दीड हजारांवर मुले बुद्ध्यंक पाहून निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. या निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोन मुलगे बसले नाहीत. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, शॉकलींना 1956 मध्ये आणि अल्वारेझ यांना 1968 मध्ये. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळाले नाही. (हेच शॉकली उतारवयात बुद्ध्यंकाच्या आधारे वंशांची प्रतवारी करू लागले, हा वेगळाच विनोद.)

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा प्रश्न निराळ्या टोकाने हाताळला. कोसबाडच्या परिसरातली आदिवासी मुले शाळेत फिरकत नसत, कारण त्यांना गुरे राखावी लागत. तेव्हा बाईंनी शाळाच गुरांमागे नेली. तिचे नाव कुरणशाळा. पाने, बिया, खडे हाताशी होतेच. मोजणी त्यांवरच सुरू झाली.