आमिषाचं पाणी

कशेळीच्या खाडीपुलाच्या आसपास भरती चढायला लागली, की काठावर गरी टाकणारी दोन-चार माणसं हमखास दिसतात. महागडा रॉड एखाद्याकडेच असतो. बाकीच्यांकडे फळकुटाला गुंडाळलेली तंगूस, टोकाला शिसं आणि गरी, ताणलेल्या दोरीला अडकवलेलं एक घुंगरू. पायाशी रंगाचा रिकामा डबा. मी तिथे जायला लागलो तेव्हा माझं सगळं लक्ष खाडीकडे असायचं. ती माणसं मात्र खाडीपेक्षा डब्याकडे जास्त बघतात, हे कळायला चार सकाळी जाव्या लागल्या. डब्यात जिवंत कोळंबी असते, कधी बोईटाची बोटभर पिल्लं. थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी मग भरून ताजं पाणी आत ओततं आणि मेलेली कोळंबी वेचून बाजूला काढतं.

"काका, मेलेली लावली तर?" मी विचारलं.

"शिंगाला खाईल," डब्यातून नजर न काढता काका म्हणाले. "जितारा हुंगनार पन नाय."

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं डोळ्यांसमोर येतात. पण या तालुक्याच्या दक्षिणेला उल्हासची खाडी आहे, शहरातून कामवारी वाहते, वर वज्रेश्वरी-अकलोलीकडे तानसा आहे. या पाण्यांच्या काठी मोठा मासा धरायला लहान जीव लावायची रीत जुनी आहे. खाडीत कोळंबी, निवटी, बोईटाची पिल्लं. गोड्या पाण्यात मरळीसाठी दांडवण, खवली, नाहीतर बेडकाचं पिल्लू.

हीच रीत जगाच्या दुसऱ्या टोकाला बर्फावर चालते. अमेरिकेतल्या मिनेसोटात आणि कॅनडात हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फ किमान चार इंच जाड झाल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नका, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. मग माणसं बर्फाला भोक पाडून खाली बोटभर जिवंत मासा सोडतात. मोठा मासा लागला की काठीवरची छोटी झेंडी उभी राहते. आपल्याकडे घुंगरू वाजतं, एवढाच फरक.

खरा फरक पाण्यात आहे. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. बर्फ त्याहून हलका, म्हणून तो वर तरंगतो आणि तळाशी चार अंशांच्या आसपासचं पाणी उरतं. त्या थंडीत माशाचं शरीर मंदावतं. तो दूरवर पाठलाग करत नाही, समोर आलेलं सोपं भक्ष्य तेवढं उचलतो. जिवंत आमिष एका जागी राहून हलत राहतं, म्हणून तिथे ते चालतं. शिवाय थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो. शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. तिकडच्या माणसाला डब्यातलं पाणी गोठेल याची काळजी. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात ठेवलेला डबा बघता बघता तापतो आणि आतले जीव वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. हल्ली काही जण बॅटरीवरचा छोटा पंप आणतात. काकांचा उपाय जुना आहे: डब्यात गर्दी करायची नाही, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि मगाने ताजं पाणी ओतणं थांबवायचं नाही.

जिताड्याला जिवंतच का लागतं? त्याचा वेळ पुलाच्या खांबाआड, बुडालेल्या लाकडाआड, तिवरांच्या मुळांत दबा धरण्यात जातो. भक्ष्य जवळून गेलं की तो तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढलं जातं. पाणी उथळ असेल तर तो आवाज काठापर्यंत येतो. उल्हासच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच. माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ जाते. त्या रेघेतली बारीक इंद्रियं पाण्याची किंचितशी हालचालही टिपतात. कोळंबीने शेपटी झटकली, की तो झटका जिताड्याच्या अंगापर्यंत पोचतो. शिंगाळ्याचं काम मिशांवर, वासावर चालतं, म्हणून त्याला मेलेलं पुरतं. काकांनी दोन वाक्यांत सांगितलं ते हेच.

त्यामुळे गरी लावणं हे हलक्या हाताचं काम. कोळंबीच्या डोक्यात काळसर ठिपका दिसतो, तिथे टोचलं की ती मेली. गरी शेपटीकडून घालतात किंवा कपाळावरच्या काट्याखालून, ठिपका चुकवून. बोटभर माशाला वरच्या ओठातून, नाहीतर पाठीच्या पराखाली कातडीतून. गरी खोल गेली की तो लगेच पडतो.

या जखमेची एक गोष्ट सांगायलाच हवी. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. त्यांनी १९३८ साली लहान माशांबद्दल एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. जखमी झालेला एक मासा त्यांनी परत त्याच्या थव्यात सोडला, तर सगळा थवा घाबरून पांगला. माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि जातभाई ते ओळखून पळतात. पाइकसारख्या शिकारी माशाला मात्र तेच द्रव्य जवळ ओढतं, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. फ्रिश यांचे ते लहान मासे ज्या मोठ्या कुळातले, आपली दांडवण, खवली त्याच कुळातली. त्या बोटभर माशाकडे नुसता चारा म्हणून बघणं मला तेव्हापासून जमत नाही.

अशा बोटभर माशांना इंग्रजीत 'मिनो' हा एकच शब्द पुरतो. मराठीत तसा शब्द नाही, कारण आपल्याकडे प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे: मळ्या, मुरी, आळकुट, दांडवण, खवली, शिंगटी. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचा आपला अभ्यास १८३९ साली छापला, तेव्हा त्याने कोळ्यांकडून ऐकलेली नावं तशीच लॅटिनला जोडून दिली. म्हणून मळ्या आजही शास्त्रात 'गारा मुल्या' आहे, शिंगटी 'मिस्टस शिंगटी' आहे, आणि मुरीच्या शास्त्रीय नावात 'मूरेह' टिकून आहे. जगभरच्या संग्रहालयांतल्या बाटल्यांवर ही मराठी नावं चिकटवलेली आहेत. कामवारीच्या काठच्या किती मुलांना ती सांगता येतील? शहरातल्या कामवारीत रंगाचं आणि गटाराचं पाणी इतकं मिसळलंय, की दाखवायला त्यांतला मासाच उरलेला नाही. डासांसाठी सोडलेले गप्पी आणि कशातही तगणारी चिलापी, एवढंच पोरांच्या बरणीत येतं.

बाहेरचा मासा किंवा रोग नव्या पाण्यात शिरणं, जिवंत आमिषाचा मोठा धोका हाच आहे. गरीला लागणाऱ्या माशापेक्षा डब्यात उरलेला मासा जास्त नुकसान करू शकतो. अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत २००५ साली माशांच्या रक्तस्रावी रोगाचा विषाणू सापडला. पुढच्या वर्षी तिथे मासे मोठ्या संख्येने मेले आणि सरकारने जिवंत मासे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर निर्बंध आणले. मिनेसोटात आज उरलेलं आमिष तळ्यात सोडता येत नाही. तळं सोडताना डब्यातलं पाणीही ओतून टाकावं लागतं.

आपल्याकडे असा नियम पाळताना मी कुणाला पाहिलेलं नाही, आणि गरज तर आपल्याला जास्त आहे. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. चिलापी गोड्या पाण्यात जगते, निमखाऱ्यातही जगते. तिची पिल्लं डब्यात मरत नाहीत म्हणून काही जण हौसेने तीच आमिषाला नेतात. तलावावरून ओढ्यावर, ओढ्यावरून धरणावर. थाई मांगूरवर तर २००० सालापासून बंदी आहे, तरी भिवंडी तालुक्यातच त्याची बेकायदा तळी निघाली आणि मत्स्यव्यवसाय विभागाला ती नष्ट करावी लागली. हवेतून श्वास घेणारा, ओल्या जमिनीवरून सरपटत जाणारा हा मासा एका पावसात तळ्यातून ओढ्यात जातो. अशा पाण्यात वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात, शेतात चढणाऱ्या गावठी माशाची अंडी कशी वाचणार?

आणखी एक गोष्ट मला टोचते: गरीवरच्या जिवाची वेदना. स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वे इथे गोड्या पाण्यात जिवंत मासा गरीला लावायला कायद्याने मनाई आहे. खाडीवर पोट असलेल्या माणसाला मी ते ऐकवणार नाही. पण मोटार घेऊन रविवारच्या हौसेला येणाऱ्यांनी बेडूक टोचू नये, असं मला ठामपणे वाटतं. त्यांच्यासाठी बाजारात रबरी बेडूक मिळतो आणि मरळ त्यावर झेपावतेही. पावसाळ्यात मरळीची जोडी पिल्लांचा तांबूस गोळा राखत फिरते. त्या गोळ्याजवळ काहीही आलं की ती अंगावर धावते, भूक असो वा नसो. तेव्हा तिला धरणं सोपं असतं. आईबाप गेले की तो सगळा गोळा चिलापी आणि बगळे संपवतात.

त्या सकाळी कशेळीला जिताडा लागला नाही. दोन शिंगाळे आणि एक खरबी, एवढंच मिळालं. भरती भरली, पाणी थांबलं, काकांनी तंगूस गुंडाळली. डब्यात सात-आठ कोळंब्या अजून तडतडत होत्या. शेजारच्या पोराने त्या मागितल्या, गावच्या तळ्यावर न्यायला. काकांनी मान हलवून नाही म्हटलं. पहाटे कोळंबीसाठी येंडीचं जाळं जिथे मारलं होतं त्याच तिवरांपाशी ते चिखल तुडवत गेले, डबा हळूच तिरका केला आणि पाण्यात बुडवून आतलं सगळं बाहेर पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.