पोलिश निर्वासितांना वाचवलं कोणी?

तारोडी-डोंगरी-उत्तन भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक गोष्ट वरचेवर येते. पोलंडहून शेकडो बायका-मुलांना घेऊन एक जहाज निघतं. हिटलरच्या धाकानं कोणताही देश त्याला थारा देत नाही, मुंबईचा इंग्रज गव्हर्नरही परत पाठवतो. अखेर जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी एकटेच पुढे येतात. खाली ओळ असते : प्रत्येक भारतीयानं ही गोष्ट पुढे पाठवावी.

पुढे पाठवण्याआधी नकाशा तरी बघा. १९३९पासून पोलंडचा किनारा जर्मनांच्या ताब्यात होता. निर्वासितांचं जहाज तिथून सुटणार कसं? शिवाय ही माणसं हिटलरच्या नव्हे, स्टॅलिनच्या तावडीतून सुटली होती. सप्टेंबर १९३९मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतला आणि १९४०-४१मध्ये तिथली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात नेली. जून १९४१मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा कुठे त्यांच्या सुटकेचा करार झाला. जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२मध्ये सुमारे १ लाख १५ हजार माणसं इराणमध्ये पोचली. त्यांत हजारो नागरिक होते.

भारतात आलेली मुलांची पहिली तुकडी जहाजानं आलीच नाही. ती अश्गाबादहून ट्रकनं, इराण आणि क्वेट्टामार्गे आली. या मुलांना आणण्यासाठी मुंबईतून धडपडणाऱ्यांत पोलिश रेडक्रॉसच्या किरा बानासिन्स्का अग्रभागी होत्या. मुंबईनं या मुलांना हाकललं नाही. जामनगरजवळची बालाचडीची छावणी तयार होईपर्यंत ती आपल्या वांद्र्यात राहिली.

जामसाहेबांचं मोठेपण खरंच आहे. त्यांनी जागा दिली, मुलांना मायेनं वागवलं, इतर संस्थानिकांनाही मदतीला उभं केलं. पण त्यांना मोठं करायला खोट्या जहाजाची गरज काय? त्या जहाजाखाली आपल्याच महाराष्ट्राचा वाटा बुडतो, याचा मला राग येतो. बालाचडीत काही शे मुलं होती. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश माणसं राहिली. १९४६मध्ये बालाचडी बंद झाली, तेव्हा तिथली बरीच मुलंही इथेच आली. वळिवड्याचा खर्च मुख्यतः लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारनं उचलला. शाळा, चर्च, स्काउट पथकं पोलिश लोकांनी, त्यातही बहुतांशी बायकांनी, स्वतः चालवली. ज्यांना शंका असेल त्यांनी अनुराधा भट्टाचार्जी यांचं ‘द सेकंड होमलँड’ वाचावं.

आता इतर गैरसमज थोडक्यात.

गैरसमज : हे सगळे ज्यू होते.
वस्तुस्थिती : बहुसंख्य कॅथलिक होते; ज्यू थोडे होते.

गैरसमज : त्यांना कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी आश्रय दिला.
वस्तुस्थिती : शाहू महाराज १९२२मध्ये गेले, राजाराम महाराज १९४०मध्ये. १९४३मध्ये गादीवर दत्तक बाल छत्रपती होते.

गैरसमज : भारत सोडून साऱ्या जगानं दारं लावली.
वस्तुस्थिती : आधी इराणनं आसरा दिला. पुढे टांगानिका, युगांडा, न्यूझीलंड आणि मेक्सिकोतही छावण्या झाल्या.

गैरसमज : युद्ध संपताच सगळे मायदेशी परतले.
वस्तुस्थिती : अनेकांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. पुष्कळजण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात स्थिरावले. रिकाम्या वळिवड्यात फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर.

ऑगस्ट २०२४मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सात जामसाहेबांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं, तसंच कोल्हापूरच्या स्मारकालाही. पोलंडनं दोन्ही नावं जपली आहेत. तो संदेश पुन्हा आला, तर पाठवणाऱ्याला वळिवडे, किरा बानासिन्स्का आणि छावणी चालवणाऱ्या पोलिश बायका यांच्याविषयी जरूर सांगा. श्रेय या सगळ्यांचं आहे.