घाटाआधी पॅडल दाबून बघा

सेकंडहँड एसयूव्ही घेतली की टायर, टचस्क्रीन, सनरूफ सगळं तपासून होतं. ब्रेकची परीक्षा मात्र थेट पहिल्या ट्रिपला, भरल्या गाडीनिशी, उतारावर होते. ती नापास होऊ नये म्हणून काय करायचं? आणि झालीच, तर?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये हल्ली एक सीन हमखास दिसतो. दहा-बारा वर्षं जुनी स्कॉर्पिओ, सफारी नाहीतर डस्टर उभी असते. भोवती सात-आठ जणांचा घोळका. कुणी बॉनेटला टेकून फोटो काढतंय, कुणी बूट स्पेस मोजतंय. रात्री स्टोरी पडते, ‘न्यू बीस्ट इन द हाऊस’. आणि खाली पहिली कमेंट ठरलेली, ‘भावा, ताम्हिणी कधी?’

हिशेब साधा आहे. नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशांत जुनी सात सीटर मिळते. घरचे अर्धे पैसे घालतात, उरलेले पहिल्या नोकरीच्या पगारातून किंवा कर्जातून येतात. यात चुकीचं काहीच नाही. प्रश्न एवढाच, की या गाडीचे ब्रेक शेवटचे कुणी तपासले? बहुतेक वेळा उत्तर असतं, कुणीच नाही.

कारण आपली व्यवस्थाच तशी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि तेवढ्या काळात तिला फिटनेस तपासणीला जावं लागत नाही. पीयूसीवाला धूर तपासतो, ब्रेक नाही. विकणारा गाडी धुऊन, पॉलिश मारून, टायरना काळं करून उभी करतो. राहिलात तुम्ही. आणि तुम्ही टेस्ट ड्राइव्ह घेता ती सोसायटीच्या गेटपासून चौकापर्यंत, एकट्याने, तीसच्या स्पीडला. तिथे थकलेले ब्रेकसुद्धा ठणठणीत वाटतात.

उतारावर नेमकं काय होतं?

अकरावीचं फिजिक्स आठवा. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी तीनशे मीटर उंचीचा घाट उतरते, तेव्हा साधारण ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. इंजिन आणि हवा यांनी काहीच वाटा उचलला नाही, तर ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत सतरा लिटर पाणी, म्हणजे अख्खी बादली, उकळायला लागेल. आणि ती शोषायला असतात चार चाकांमागच्या डिस्क, ड्रम आणि तळहाताएवढे पॅड.

आता ब्रेक ऑइलकडे या. पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवण्याचं काम हे तेल करतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून ब्रेक लागतात. पण हे तेल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ३ दर्जाचं नवं तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे चार-पाच वर्षं न बदललेलं तेल घाटात उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. तुम्ही पॅडल दाबता, वाफ आकसते, चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. पाय थेट फ्लोअरला टेकतो.

म्हणून तर शहरात ‘मक्खन’ चालणारी गाडी घाटात दगा देते. आमच्या ओळखीतल्या एकाने घेतलेल्या गाडीचं असंच झालं. पावसाळ्यात ताम्हिणी उतरून कोकणात चालले होते, गाडीत सहा जण. चौथ्या गिअरमध्ये, वळणावळणाला ब्रेक दाबत. अर्धा घाट उतरल्यावर पॅडल मऊ लागायला लागलं. मागच्या सीटवरचा एक जण म्हणालाही, ‘काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय रे.’ उत्तर आलं, ‘क्लचचा असेल.’ पुढच्या वळणाआधी पॅडल खाली बसलं. नशीब की त्याने घाबरून गाडी न्यूट्रलला टाकली नाही. तिसरा, मग दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीत चाकं उतरवली. बंपर गेला, माणसं वाचली. नंतर गॅरेजमध्ये उघडलं तर तेल काळं झालेलं आणि मागच्या एका व्हील सिलिंडरमधून गळती. विकणाऱ्याने मेसेजमध्ये लिहिलं होतं, ‘फुल्ली सर्व्हिस्ड, एक रुपया खर्च नाही.’

पॅडल गेलं, आता पुढची दहा सेकंदं

अशा वेळी डोकं चालत नाही, पाठ असलेलं तेवढंच आठवतं. म्हणून हे आत्ताच नीट वाचून ठेवा.

आधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. पॅडल कसं लागतंय ते बघा. खाली बसत असेल तर भराभर चार-पाच वेळा पंप करा. गळती किंवा वाफ असली तरी कधीकधी थोडा दाब परत तयार होतो. उलट पॅडल दगडासारखं कडक झालं असेल, तर बूस्टर गेलेला असू शकतो. तेव्हा ब्रेक असतात, फक्त जोर खूप लागतो. दोन्ही पायांनी, सगळी ताकद लावून दाबा. आणि हो, पॅडलखाली पाण्याची बाटली किंवा सरकलेलं मॅट तर अडकलं नाही ना? हसू नका, असे अपघात होतात.

मग गिअर. पाचव्यातून चौथा, तिसरा, दुसरा, असं एकेक करत खाली या. इंजिन गाडीला मागे खेचतं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा ‘एल’. न्यूट्रल अजिबात नाही.

पाठोपाठ हँडब्रेक. बटण दाबून ठेवून हळूहळू वर ओढा, सोडा, परत ओढा. एकदम खेचलात तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत स्विच ओढून धरला की गाडी थांबते. तुमच्या गाडीत नेमकं कसं आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

इंजिन बंद करू नका. पॉवर स्टिअरिंग जड होतं, बूस्टरची मदत जाते आणि चावी काढलीत तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हॉर्न, हेडलाइट, हझार्ड सगळं चालू ठेवा.

आणि नजर कुठे? दरीकडे नाही, डोंगराकडे. चढाचा फाटा, मातीचा ढीग, झुडपं, गटार, काहीच नाही तर डोंगराच्या भिंतीला तिरकं घासत नेणं. गाडीचा पत्रा नंतर सरळ करता येतो.

गाडी थांबली की चाकांना दगड लावा, सगळ्यांना रस्त्यापासून लांब उभं करा, मागे अंतरावर त्रिकोण ठेवा. मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ध्या तासाने पॅडल परत कडक लागलं तरी ‘झालं ठीक’ म्हणून निघू नका. वाफ थंड झाली की तिचं परत पाणी होतं, दोष तिथेच असतो. गाडी टो करूनच न्या.

पण वेळच का येऊ द्यायची?

घाटातल्या जुन्या ड्रायव्हर मंडळींचा एक नियम आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. जोरात दाबून स्पीड कमी करायचा आणि पाय काढायचा, म्हणजे ब्रेकना गार व्हायला वेळ मिळतो. जळका वास आला किंवा पॅडल मऊ लागलं, तर सुरक्षित जागा बघून लगेच थांबायचं.

इंधन वाचवायला न्यूट्रल टाकणं म्हणजे काय, ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने वीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. पहिली बातमी ‘ब्रेक फेल’ची होती. मग पोलिसांकडून समोर आलं, की चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती.

गाडी घेण्याआधी किंवा घेतल्या दिवशी पार्किंगमध्येच पाच मिनिटांची ही टेस्ट करा.

एक, इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत दाबा. तसंच दाबून धरून इंजिन चालू करा. पॅडल थोडं खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय.

दोन, इंजिन चालू असताना अर्धा मिनिट पॅडल जोरात दाबून धरा. हळूहळू खाली बसत असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय.

तीन, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. नवं तेल मधासारखं फिकट पिवळं असतं, काळपट दिसलं तर बदला. पातळी कमी असेल तर नुसतं वरून भरू नका. पॅड झिजलेत की गळती आहे, ते आधी शोधा. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का तेही बघा.

चार, चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कारना एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीच्या गाडीत ते असेलच असं नाही.

पाच, मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का बघा. चढावर फक्त हँडब्रेकवर उभी राहते का तेही.

आणखी एक, खास आपल्याकडचं. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर असो की जुलै २०२१ चा चिपळूणचा, बुडालेल्या गाड्या नंतर बाजारात येतातच. कार्पेट उचलून गंज, सीटच्या पट्ट्यांवर चिखलाचे डाग बघा. पाण्यात राहिलेल्या गाडीत ब्रेक पाइप आणि एबीएसची वायरिंग आतून खराब झालेली असू शकते. आणि रुबाबासाठी मोठे टायर टाकायचा विचार असेल तर लक्षात घ्या, चाक मोठं आणि जड झालं की त्याच ब्रेकना जास्त काम पडतं.

एवढं करूनही गाडी हातात आली की पहिला आठवडा गॅरेजचा. ब्रेक ऑइल बदलून एअर काढून घ्या, पॅड, लायनर आणि होज बघून घ्या. कधी बदललं त्याची तारीख लिहून ठेवा आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी बदला. गाडीच्या किमतीतले निदान पाच टक्के यासाठी आधीच बाजूला काढा. ते नसतील तर थोडी स्वस्त गाडी घ्या.

आणि विकणाऱ्याचं काय?

डीलरकडून घेतली असेल तर तुम्ही ग्राहक आहात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना परिवहन विभागाचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, ते आधी मागा. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. पण पुरावा तुमच्याकडे हवा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, गॅरेजचं लेखी जॉब कार्ड, फोटो ठेवा. काढलेले जुने पार्ट मेकॅनिकला फेकू देऊ नका. ओळखीतून, थेट मालकाकडून घेतलीत तर भांडणं अवघड जातं. म्हणून तिथे पैसे देण्याआधी स्वतःच्या मेकॅनिकला नेणं हाच खरा विमा.

विम्यावरून आठवलं. आरसी नावावर झाली तरी पॉलिसी आपोआप पूर्ण तुमची होत नाही. चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करा, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. झिजलेले पॅड किंवा गळका सिलिंडर यांचा खर्च मात्र साधी पॉलिसी देतच नाही.

शेवटचं, गाडी ज्याची नाही त्यांच्यासाठी. मित्राची नवी गाडी, सगळे मूडमध्ये, अशा वेळी ‘थांबव जरा’ म्हणणं जड जातं. ‘फट्टू’ म्हणतील याची भीती असते. पण वास मागच्या सीटवरही येतो आणि दरी सगळ्यांनाच सारखी खोल असते. या शनिवारचा प्लॅन ठरला असेल तर ग्रुपवर आज एवढंच विचारा, ‘ब्रेक ऑइल कधी बदललंय?’ उत्तर आलं नाही, तर शनिवारी आधी गॅरेज, मग ताम्हिणी.