तराजूला न दिसणारी चरबी

जानेवारी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. तराजूच्या लेखी दोघेही सारखेच सडसडीत!

तराजूला जे कळत नाही, त्याच्या खुणा रक्तात सापडतात. चरबी म्हणजे ऊर्जेची नुसती कोठी नव्हे. ती रक्तात प्रथिने सोडते आणि त्यांच्याकरवी इतर अवयवांशी बोलते. १९९४मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी लेप्टिनचे जनुक शोधले, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप लेप्टिन मेंदूला देते. ज्या मोजक्या मुलांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही, त्यांची भूक भागतच नाही. लेप्टिनची इंजेक्शने दिली की ती आटोक्यात येते. साहजिकच, लठ्ठपणावर औषध सापडल्याची आशा निर्माण झाली. पण बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट जास्तच असते. निरोप जातो, मेंदू दाद देत नाही.

अॅडिपोनेक्टिनची तऱ्हा याच्या उलट. तेही चरबीच्या पेशींतच तयार होते, पण चरबी, विशेषतः पोटातली, वाढली की रक्तातील त्याचे प्रमाण घटते. इन्सुलिनच्या कामाला ते मदत करते. म्हणून ते कमी असणाऱ्यांत मधुमेहाचा धोका अधिक आढळतो.

हा प्रश्न आपल्याकडे पाळण्यापासूनच सुरू होतो. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्यातील व लंडनमधील नवजात बाळांची तुलना केली. पुण्याची बाळे वजनाने हलकी होती, पण पाठीवरची, त्वचेखालची चरबी त्यांनी राखली होती आणि त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होते. बाळ किरकोळ, पण चरबी टिकून!

लेप्टिन किंवा अॅडिपोनेक्टिनची तपासणी प्रत्येकाने करून घेण्याची गरज नाही. घरातली मोजपट्टी पुरे. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढची कंबर ही धोक्याची खूण मानतात. ‘अंगाने बारीक आहे, त्याला कसला मधुमेह?’ हे वाक्य मात्र आता आपण सोडून द्यायला हवे.