कॉलेजचा क्रीडाशिक्षक आणि वस्तीतील पोरे

खेळून काय पोट भरते? हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. बाप कामावरून थकून आलेला असतो, आई दिवसभर रोवणीला वाकून आलेली असते, आणि पोरगा मात्र चिखलाने माखून अंधार पडल्यावर घरी येतो. मग पुस्तकाचे काय, परीक्षेचे काय, असा आवाज चढतो. त्या आईबापांना आम्ही दोष देणार नाही. ज्यांच्या घरात शिक्षण पहिल्यांदाच आले, त्यांना त्याची राखण करावीच लागते. पण या प्रश्नाचे एक उत्तर नागपूरच्या एका कॉलेजातील क्रीडाशिक्षकाने आपल्या कामातून दिलेले आहे. पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावात राहणाऱ्या आपल्या वाचकांनी ते समजून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

या शिक्षकाचे नाव विजय बारसे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात ते क्रीडा विभागाचे प्राध्यापक होते. हे कॉलेज १८८३ सालचे, विदर्भातील अतिशय जुने. अशा कॉलेजातील क्रीडाशिक्षकाचे काम काय असते? कबड्डी असो, सॉफ्टबॉल असो की फुटबॉल, मुले निवडायची, संघ बांधायचा आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरवायचा. ढाल मिळाली तर ती प्राचार्यांच्या खोलीतील कपाटात जाते, आणि शिक्षक पुढच्या वर्षीच्या संघाच्या तयारीला लागतो.

अमेरिकेत तर कॉलेजच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणजे मोठा मान आणि मोठा पगार. तिथल्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला पॅटी गॅसो या बाई १९९५ पासून शिकवीत आल्या. २०२४ पर्यंत त्यांच्या संघाने ८ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. हे केवळ एका बाईच्या हुशारीने झाले नाही. १९७२ साली तिथे कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा आणि मुलगी असा भेद करता येणार नाही. त्या कायद्याने कॉलेजच्या मैदानाचे दार मुलींना उघडले. आधी दार उघडले, मग विजेते तयार झाले, हा क्रम आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

कारण आपल्याकडे खरी अडचण दाराचीच आहे. कॉलेजचा प्रशिक्षक कितीही चांगला असला, तरी तो कॉलेजात पोहोचलेल्या मुलालाच शिकवू शकतो. सातवीत शाळा सोडून हॉटेलात कपबशा विसळणारा, भंगार वेचणारा, नाक्यावर पत्ते कुटणारा पोरगा त्याच्या नजरेस पडणार कसा? त्याच्या पायात कितीही कस असला, तरी त्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही.

तुटकी बादली

बारसे सरांच्या नजरेस ही पोरे पडली ती पावसामुळे. नागपुरात एके दिवशी पाऊस कोसळत होता. झोपडपट्टीतील काही पोरे चिखलात एक तुटकी प्लास्टिकची बादली लाथाडत फुटबॉल खेळत होती. सर थांबून पाहू लागले. पोरे खेळात रंगली होती. जितका वेळ ती खेळत होती, तितका वेळ कोणत्याही वाईट नादापासून दूर होती. सरांनी त्यांना खरा फुटबॉल आणून दिला.

इथेच थांबले असते, तर ते एका भल्या माणसाचे दान झाले असते. पण सर पडले क्रीडाशिक्षक. संघ बांधणे आणि स्पर्धा भरविणे हाच त्यांचा धंदा. २००१ साली त्यांनी फक्त झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलची स्पर्धा जाहीर केली आणि शंभराहून अधिक संघ उतरले. इतकी पोरे त्याच शहरात राहत होती, पण त्यांना कोणी कधी मैदानावर बोलावले नव्हते.

पुढे हे काम ‘क्रीडा विकास संस्था, नागपूर’ या नावाने वाढले आणि ‘स्लम सॉकर’ म्हणून देशाबाहेर ओळखले जाऊ लागले. सरांनी निवृत्तीच्या वेळी हाती आलेला पैसा या कामासाठी जमीन घेण्यात घातला. माणूस तो पैसा म्हातारपणासाठी, मुलांच्या लग्नासाठी जपून ठेवतो. त्यांचा मुलगा अभिजीत अमेरिकेत होता, तोही परत येऊन वडिलांच्या कामाला जुंपला गेला.

वस्तीतून परदेशी मैदानावर

बेघर आणि वंचित माणसांसाठी ‘होमलेस वर्ल्ड कप’ नावाची जागतिक स्पर्धा भरते. पहिली स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात झाली. नागपूरच्या या संस्थेने पुढे भारताचे संघ या स्पर्धेला पाठविले. २०१० साली ब्राझीलच्या रिओ शहरात भारताचा कर्णधार नागपूरच्या वस्तीतला होता.

या स्पर्धेचे दोन नियम आम्हाला फार आवडले. पहिला असा की, एक खेळाडू आयुष्यात एकदाच तिथे खेळू शकतो. म्हणजे तीच ती नावे नेहमी पुढे येत नाहीत, दरवेळी नव्यांना जागा करून द्यावी लागते. दुसरा नियम मैदानाचा. एका संघाचे चारच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि मैदान २२ मीटर लांब, १६ मीटर रुंद. आपल्या हिशेबाने साधारण ७२ फूट बाय ५२ फूट. धान कापून झाल्यावर रिकामी पडलेली बांधीसुद्धा याला पुरते.

२०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या दूरदर्शन मालिकेने हे काम घरोघरी पोहोचविले. २०१६ साली फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिफाने, स्लम सॉकरला आपला विविधता पुरस्कार दिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ चित्रपट आला. सरांच्या कामावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. बाबासाहेबांच्या जयंतीचा प्रसंग आणि त्यांच्या प्रतिमेपुढे हात जोडणारा नायक पडद्यावर पाहून आपल्या अनेक वस्त्यांतील माणसांचे डोळे भरून आले.

मग पोट भरते काय?

वस्तीत खेळलेला प्रत्येक पोरगा मोठा खेळाडू होत नाही. तसे सांगणे म्हणजे आईबापांची फसवणूक होय. या कामाचा खरा लाभ निराळा आहे. वेळेवर यायचे, हरल्यावर डोके शांत ठेवायचे, चेंडू एकट्याने न नेता दुसऱ्याला द्यायचा, हे मैदानावर अंगात मुरते. त्याच वस्तीतील मोठी मुले-मुली तिथे प्रशिक्षक म्हणून तयार होतात आणि धाकट्यांना शिकवितात. काल ज्याला कोणी विचारीत नव्हते, त्याला आज वीस पोरे ‘सर’ म्हणतात.

पोटापाण्याचा मार्गही आहे, पण तो पुस्तकाला सोडून जात नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र नोकरीसाठी लागणारी शैक्षणिक पात्रता हवीच आणि खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणीही होते. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन क्रीडाशिक्षक होता येते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव या शिक्षणासाठी जुने आहे. पतियाळा येथे प्रशिक्षक घडविणारी राष्ट्रीय संस्था १९६१ पासून आहे. म्हणून आईबापांनो, पोराला दप्तर आणि चेंडू यांपैकी एक निवडायला लावू नका.

आसगावच्या आणि आसपासच्या वाचकांना आमची विनंती आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. आपल्या शाळेचा संघ पवनीला जातो काय, त्यात मुलींचा संघ असतो काय, हे शाळेत जाऊन विचारा. मिळालेले प्रत्येक प्रमाणपत्र घरात नीट जपून ठेवा. ज्या पोराने शाळा सोडली आहे, त्याला संध्याकाळच्या खेळात आवर्जून बोलवा, कारण त्याला दुसरे कोणी बोलावणार नाही. गावातील शिकलेल्या तरुणाने रोज एक तास दिला आणि पंचवीस घरांनी मिळून एक चेंडू घेतला, तर सुरुवात होते.

निवृत्त होताना एखाद्या क्रीडाशिक्षकाच्या नावावर किती ढाली जमा आहेत, ते कॉलेजचे कपाट सांगते. विजय बारसे सरांचा हिशेब मात्र वस्त्यांमध्ये मांडावा लागतो, आणि तो अजून वाढतोच आहे.