मलमातले अल्कोहोल

चितेगाव हे पैठण रस्त्यावरचे गाव. मार्गशीर्ष-पौषात इकडे कोरडा वारा सुटला की अंग उलते, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. कारखान्यात दिवसभर तेलकट झालेले हात कपड्याच्या साबणाने खसाखसा घासणाऱ्या कामगाराची बोटे तर चिरतातच. ज्या लेकरांना इसब आहे त्यांचे हाल विचारू नयेत. रात्र रात्र खाजवत बसतात. डॉक्टर मलम लिहून देतात. ट्यूब घरी येते, शाळेत जाणारा मुलगा तिच्यावरची बारीक अक्षरे लावून वाचतो, ‘सिटोस्टिअरिल अल्कोहोल’. झाले! आई म्हणते, अल्कोहोलनं कातडी आणखी वाळेल. घरात आजोबा माळकरी असले तर मग बोलायलाच नको. दारू घातलेली वस्तू देवघराच्या घरात कशाला? ट्यूब कोनाड्यात जाते आणि पोराचे इसब आहे तिथेच राहते.

तेव्हा वाचकहो, या एका शब्दाचा उलगडा आपण आधी करून घेऊ.

‘अल्कोहोल’ हा शब्द मूळचा अरबी. अल-कुहल म्हणजे सुरमा, डोळ्यांत घालायची बारीक पूड. संभाजीनगरच्या बाजारात सुरमा कुणाला नवा नाही. पुढे युरोपातल्या किमयागारांनी कोणत्याही पदार्थाच्या बारीक अर्काला हे नाव लावले, मग दारूच्या अर्काला लावले आणि तिथेच ते चिकटून बसले. म्हणजे गंमत अशी की प्रसाधनाच्या पेटीतला हा शब्द गुत्त्यात गेला, आणि आज आपण त्याला प्रसाधनाच्या पेटीत पाहून दचकतो.

रसायनशास्त्रात मात्र अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचे आडनाव आहे. कार्बनच्या अणूंची साखळी घ्यावी आणि तिला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी अडकवावी, की झाला अल्कोहोल. एकच कार्बन असेल तर मिथिल अल्कोहोल. विषारी दारूने माणसे दगावल्याच्या बातम्यांत असतो तो. दोन कार्बन म्हणजे इथिल, दारूतला. पण ज्या ग्लिसरिनची बाटली आपण हिवाळ्यात बिनधास्त आणतो ते ग्लिसरिनही अल्कोहोलच, आणि आपल्या रक्तातले व त्वचेतले कोलेस्टेरॉलसुद्धा याच कुळातले. आडनाव एक म्हणून सगळे भाऊ एका स्वभावाचे असतात असं थोडंच आहे?

मलमातल्या भावाची साखळी लांब असते. सोळा कार्बनचा सिटिल अल्कोहोल, अठरा कार्बनचा स्टिअरिल, दोघांचे मिश्रण म्हणजे सिटोस्टिअरिल. यांना मेद-अल्कोहोल म्हणू, कारण ही साखळी तेलातुपातलीच आहे. कोकणात भेगांवर कोकमाचे मुठेल लावतात ना, त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असते; स्टिअरिल अल्कोहोल हा त्याचाच सख्खा नातलग. दोन कार्बनांच्या अल्कोहोलात ती ऑक्सिजनची जोडी वरचढ ठरते, म्हणून तो पाण्यात मिसळतो आणि हातावर घेतला तर भुर्रकन उडतो. सोळा-अठराच्या साखळीपुढे त्या जोडीचे काही चालत नाही. सिटिल अल्कोहोल म्हणजे पांढऱ्या मेणाचे तुकडे. ४९ अंशांच्या आसपास ते वितळतात, पाण्यात विरघळत नाहीत, उडून जात नाहीत आणि त्यांची नशाही चढत नाही.

हा पदार्थ पहिल्यांदा हाती आला तो देवमाशातून. स्पर्म व्हेल जातीच्या माशाच्या डोक्यात मेणासारखी चरबी असते. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने १८१७ साली ती दाहक पोटॅशबरोबर शिजवली आणि त्यातून हे मेण वेगळे काढले. ‘सिटिल’ हे नावही देवमाशाच्या लॅटिन नावावरून पडले. (हे शेव्हरलसाहेब चांगले १०२ वर्षे जगले. चरबी आणि साबण यांत आयुष्य घालवणे प्रकृतीला मानवत असावे!) आता देवमाशाचा काही संबंध उरलेला नाही. पामच्या बियांचे तेल किंवा खोबरेल घेतात आणि त्यातल्या मेदाम्लांवर मोठ्या दाबाखाली हायड्रोजन सोडतात. मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाचा असा कारखाना गुजरातेत भडोच जिल्ह्यात वालिया येथे आहे.

मलमात याचे काम काय, हे समजायला चितेगावच्या माणसाने पैठणच्या नाथसागराकडे पाहावे. १९७६ साली पुरे झालेले हे जायकवाडीचे धरण उथळ आणि पसरट. चैत्र-वैशाखात त्याचे किती पाणी वाफ होऊन जाते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. अशा जलाशयांवरची वाफ रोखण्यासाठी जगात ज्या वस्तूचे प्रयोग झाले ती हीच, सिटिल आणि स्टिअरिल अल्कोहोल. पाण्यावर टाकले की त्याचे रेणू ऑक्सिजनचे डोके पाण्यात बुडवून आणि शेपूट वर करून खांद्याला खांदा लावून उभे राहतात. जाडी फक्त एका रेणूची, पण तेवढा पडदाही वाफ अडवतो. ऑस्ट्रेलियात १९५० नंतर तळ्यांवर असे प्रयोग झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही देव, कुलकर्णी, घारपुरे आणि बिस्वास यांनी मेद-अल्कोहोलांपासून याहून सरस संयुगे तयार केली, आणि १९६० मध्ये ते काम ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले. वाऱ्याने पडदा फाटतो, सूक्ष्म जंतू तो खाऊन टाकतात, म्हणून मोठ्या धरणांवर हा उपाय फारसा रुजला नाही. पण जी वस्तू तळ्यातले पाणी राखण्यासाठी निवडली गेली, ती कातडी वाळवील ही भीती किती उलटी आहे ते दिसते.

त्वचेवरचा थर अर्थात एका रेणूचा नसतो. तो जाड असतो आणि त्यात इतर तेलेही मिसळलेली असतात. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि मधे चरबीचा चुना. साबणाने, गरम पाण्याने हा चुना निघून जातो, फटी पडतात, आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. मेद-अल्कोहोल त्या फटींवर सारवण घालते. त्याचे दुसरे काम मलमाच्या डबीत चालते. तेल आणि पाणी एकजीव राहत नाही. कढी फुटू नये म्हणून आपण बेसन लावतो, तसे इथे मेद-अल्कोहोल लावतात. ते थरावर थर रचते आणि थरांमध्ये पाणी धरून ठेवते. म्हणूनच मलम दाट होते आणि ओघळत नाही. मात्र एकट्याने ते तेलपाणी जुळवू शकत नाही. सोबत साबणासारखा एखादा पदार्थ घालावा लागतो. खरी मेख कधीकधी तिथेच असते.

ब्रिटिश औषधकोशातले ‘ॲक्विअस क्रीम’ घ्या. त्यात सिटोस्टिअरिल अल्कोहोल शेकडा आठच्या आसपास, आणि जोडीला सोडियम लॉरिल सल्फेट शेकडा एकच्या आतबाहेर. हे दुसरे म्हणजे फेस आणणारे रसायन, शांपूत असते ते. क्रीम लावले की काही मुलांची कातडी चुरचुरते, लाल होते, अशा तक्रारी येत गेल्या. ब्रिटनच्या औषध नियामक खात्याने २०१३ मध्ये डॉक्टरांना याबाबत सावध केले, आणि बोट ठेवले ते सल्फेटकडे. हे क्रीम आंघोळीला साबणासारखे वापरावे, पण लावून तसेच ठेवू नये, असे बरेच डॉक्टर सांगतात ते यामुळे. चोर कोण आणि पकडले कुणाला, असा प्रकार होऊ देऊ नये.

मग मेद-अल्कोहोल सर्वांना निर्धोक का? जवळजवळ सर्वांना. अमेरिकेतल्या प्रसाधन-घटक तपासणाऱ्या तज्ज्ञमंडळाने १९८८ साली सिटिल आणि सिटोस्टिअरिल यांचा आढावा घेऊन, प्रसाधनांत ते ज्या प्रमाणात वापरले जातात त्या प्रमाणात सुरक्षित, असा निर्वाळा दिला. पण ‘जवळजवळ’ हा शब्द मी उगाच वापरला नाही. काही थोड्या लोकांना याची ॲलर्जी असते. विशेषतः ज्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या आहेत, घोट्याजवळ वर्षानुवर्षे इसब किंवा जखम आहे आणि तिच्यावर नाना मलमे लावून झाली आहेत, अशांत ती अधिक आढळते. खूप मुरुमे येणाऱ्यांनीही फार दाट क्रीम तोंडाला थापू नये.

ट्यूब वाचायची कशी? सिटिल, स्टिअरिल, सिटोस्टिअरिल, बेहेनिल यांपैकी शब्द अल्कोहोलच्या आधी असेल तर ते मेण. नुसते ‘अल्कोहोल’, ‘अल्कोहोल डिनॅट’, ‘इथेनॉल’ किंवा ‘आयसोप्रोपिल’ असेल तर ते उडून जाणारे. यादीत ते अगदी सुरुवातीला असेल तर कोरड्या त्वचेच्या माणसाने जपून राहावे. ‘अल्कोहोलविरहित’ छापलेल्या डबीतही सिटिल सापडले तर फसवणूक समजू नये. त्या शब्दाचा रोख बहुधा इथिलवर असतो. माळकरी आजोबांची हरकत इथे मिटते. पण त्यांनी पुढे विचारले, की यात जनावराची चरबी तर नाही ना? तर तो प्रश्न रास्त आहे. स्टिअरिल चरबीपासूनही करता येते आणि नावावरून ते कळत नाही. कंपनीला विचारावे, किंवा वेष्टनावर वनस्पतिजन्य म्हणून खूण आहे का ते पाहावे.

नवे मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघा. पुरळ, लाली, खाज नाही, तर खुशाल वापरा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. आणि जिथे मलम लावले तिथेच इसब चिघळत असेल, तर मनाने ट्यूब बदलत बसू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची एक चाचणी असते, तिच्यात ॲलर्जी कळते. तोवर साधी शुद्ध पेट्रोलियम जेली चालते. तिच्यात पाणी नसते, म्हणून तिला मेद-अल्कोहोलची गरजच पडत नाही.